अक्षरांच्या कामात मी कशी शिरले

मी फॉन्ट बनवते. देवनागरी, आणि त्यातही मजकुराचे, म्हणजे पुस्तकात, वर्तमानपत्रात, मोबाइलवर सलग वाचायला लागतात ते. आपण दिवसभर जे वाचतो ते कुणीतरी एकेक करून रेखाटलेलं असतं, हे बहुतेकांच्या मनातही येत नाही. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण ज्या ‘मंगल’मध्ये टाइप करत आलो तो र. कृ. जोशींचा, मराठी कवितेचे वाचक ज्यांना ओळखतात तेच हे. त्याच्याही मागे जायचं तर जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे ठसे आहेत. राणोजी रावजी आरू यांनी पोलादावर कोरलेली ती अक्षरं मी आजही भिंग घेऊन बघते. त्या छपाईतला ‘क्ष’ बघताना अजून मन भरत नाही.

कला शाखेतली, इंजिनिअरिंगची, कधीकधी शाळेतलीही मुलं मला विचारतात की या कामात शिरायचं कुठून. या वाटेला ठरलेला दरवाजा नाही. माझी सुरुवात जशी झाली तशी सांगते, त्यातून ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावं.

मी सांगलीची. शाळेत असताना एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या. कला संचालनालयाच्या या परीक्षा पुष्कळ जण दहावीच्या वाढीव गुणांसाठी देतात, मीही तशीच बसले होते. इंटरमिजिएटला भूमितीबरोबर अक्षरलेखन येतं. पेन्सिलने चौकटी आखायच्या आणि त्यात सारख्या जाडीची अक्षरं बसवायची. ‘व’, ‘ब’, ‘प’ मुकाट बसतात. ‘झ’ बसत नाही. ‘ळ’ आडवा पसरतो. ‘र’ एवढासा, त्याच्या शेजारी मोकळी जागा राहते आणि शब्द तिथं तुटल्यासारखा दिसतो. चौकटी सारख्या करून अक्षरं सारखी दिसत नाहीत, हे मला त्या सरावात कळलं, आणि असं का होतं याचं कुतूहल लागलं ते आजवर सुटलेलं नाही.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एका पेंटरकाकांचं दुकान होतं. दवाखान्यांच्या पाट्या, दूध संस्थांचे फलक, गणेश मंडळांच्या कमानी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, सगळं ते रंगवायचे. शाळेतून येताना मी तिथं उभी राहायची. पुढे त्यांनी स्टूल दिलं, नंतर ब्रश. त्यांची पद्धत अशी होती: खडू लावलेला दोरा दोन टोकांना धरून फळ्यावर सूत मारायचं, वरची रेघ आणि खालची रेघ. मग शब्दातल्या सगळ्या अक्षरांचे दंड, म्हणजे उभ्या रेघा, आधी ओढून घ्यायचे. पोटं, गाठी, काने-मात्रा त्यानंतर, आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, चपट्या ब्रशने, श्वास धरून, एका दमात. दंड मारून झाले की ते दोन पावलं मागे जायचे आणि बराच वेळ नुसतं बघत राहायचे. मी एकदा विचारलं, “काका, काय बघताय?”

“अक्षराकडं नको बघू पोरी, मधल्या जागेकडं बघ. मधलं चुकलं की रंग कितीबी चांगला असू दे, पाटी वाचवत न्हाई.”

पुढे मुंबईत मोठमोठ्या लोकांनी मला हेच शिकवलं, स्लाइड लावून, आकृत्या काढून. काकांनी ते इनॅमलच्या वासात, एका वाक्यात सांगितलं होतं. फ्लेक्स आले आणि त्यांचं काम आटलं. गावोगावी अशी माणसं होती, ज्यांच्या हातात देवनागरीची जाण पिढ्यांनी मुरलेली होती, आणि त्यांच्याकडून शिकून घेण्याआधीच आपण त्यांची दुकानं बंद होऊ दिली. याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांच्या गावात असा पेंटर अजून आहे त्यांनी आधी त्यांच्याकडे जाऊन बसावं.

दुसरी शाळा म्हणजे डीटीपीचं दुकान. बारावीच्या सुट्टीत मी लग्नपत्रिका जुळवायला बसले. तेव्हा तिथं युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच ओळखली जातात ती पद्धत, नव्हतं, श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट होते. त्यात वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं असे सगळे तुकडे सुटे असायचे आणि ते आपल्या हाताने बसवावे लागायचे. पहिली वेलांटी एकच नव्हती. ‘चि.’साठी आखूड, ‘श्रीनिवास’मधल्या ‘नि’साठी वेगळी, जोडाक्षरावर जायची तर लांब. ‘सौ. कां.’वरचा अनुस्वार थोडा सरकला तरी वधूच्या वडिलांचं लक्ष आधी तिथंच जायचं. फॉन्टच्या आत काय असतं हे मला त्या पत्रिकांनी दाखवलं. आज युनिकोडमध्ये हे सगळं संगणक आपोआप करतो, म्हणजे खरं तर फॉन्ट बनवणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. ते करून ठेवणं हेच आता माझं काम आहे.

त्याच काळात मी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायची. अक्षरांकडे बघून नाटक कौटुंबिक आहे की रहस्यमय हे नाव वाचायच्या आधी कळायचं. ती अक्षरं कमल शेडगे यांची, हे खूप उशिरा समजलं. २०२० साली ते गेले तेव्हा माझी ती वही मी पुन्हा उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. एका माणसाने ‘नाटकाचं नाव’ या एवढ्या जागेत आयुष्यभर राहून किती केलं!

घरी विचार वेगळा होता. बाबा साखर कारखान्यात कारकून. “ड्रॉइंग टीचर होणार असशील तर समजू शकतो,” ते म्हणाले, “पण नुसती अक्षरं?” त्यांचं चूक नव्हतं. या कामाचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं आणि मीही नीटसं ऐकलं नव्हतं. आईने मध्ये पडून सीईटी देऊ दिली. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत नंबर लागला आणि तो प्रश्न चार वर्षांपुरता मिटला.

जे. जे.बद्दल फार लांबण लावत नाही. बोरू तासायला शिकले हे महत्त्वाचं. बोरूचं टोक देवनागरीसाठी रोमनच्या उलट्या बाजूला तिरपं कापतात, त्यामुळे आपल्या अक्षरांची जाडी वेगळ्या ठिकाणी येते. हे हाताला कळल्याशिवाय पडद्यावर काढलेलं अक्षर नेहमी परकं वाटतं. इंग्रजी फॉन्टच्या जाड-बारीक रेघा उचलून त्यावर शिरोरेषा ठेवलेले देवनागरी फॉन्ट बाजारात पुष्कळ आहेत. ते बघताना काहीतरी खटकतं पण काय ते सांगता येत नाही. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

तिसऱ्या वर्षाला फॉन्टचं सॉफ्टवेअर हाताळायला लागले. ग्लिफ्स मॅकवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं. माझ्याकडे मॅक नव्हता, मी फॉन्टफोर्जवर सुरुवात केली. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. अक्षरं सुटी सुटी काढायची नसतात, त्यांची घराणी असतात. ‘व’ जमला की ‘ब’ आणि ‘क’ त्यातून निघतात. ‘प’मधून ‘ष’ आणि ‘फ’. ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’, ‘द’ एकत्र घ्यायचे. काढलेलं अक्षर ‘न’च्या रांगेत घालून बघायचं, ननकनन, ननखनन, आणि डोळे किलकिले करून कुठं काळं साचलंय, कुठं पांढरं सांडलंय ते शोधायचं. काकांची मधली जागा ती हीच.

पण कॉलेजात आम्ही सगळे जे करत होतो त्याला मी सुरुवात मानत नाही. सगळ्यांकडे सुंदर ‘अ’ होता, सुंदर ‘श्री’ होता. इन्स्टाग्रामवर टाकायला तेवढं पुरतं. माझी खरी सुरुवात दुसऱ्याच्या फॉन्टमधून झाली.

खुल्या परवान्याचे, म्हणजे कुणीही फुकट वापरावेत आणि बदलावेत असे, फॉन्ट असतात, त्यांच्या मूळ फायली गिटहब या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. मी असाच एक फॉन्ट उतरवून घेतला आणि त्यात सकाळच्या पेपरातल्या बातम्या टाइप करत गेले. ‘रस्त्यांवरील खड्ड्यांमुळे’ हा शब्द आला आणि थांबले. ‘ड्ड्या’ची रचना खाली उतरून पुढच्या ओळीच्या वेलांटीला टेकत होती. ‘टट्टू’मध्ये उकार कापला जात होता. ‘वाङ्मय’मधला ‘ङ्म’ जोडला जात नव्हता, पायमोडका दिसत होता. मी प्रत्येक शब्दाचं चित्र काढलं, तो कसा दिसायला हवा याचा पेन्सिलचा आराखडा शेजारी ठेवला, मराठीत तो शब्द किती नेहमीचा आहे हे एका वाक्यात लिहिलं, आणि तिथंच तक्रार म्हणून नोंदवलं. काही आठवड्यांनी फॉन्ट बनवणाऱ्यांपैकी एकाचं उत्तर आलं. दुरुस्ती करतो, आणि असे आणखी शब्द असतील तर यादी पाठवा, म्हणाले.

ती यादी माझा पहिला पोर्टफोलिओ ठरली. उद्ध्वस्त, तज्ज्ञ, महत्त्व, विठ्ठल, चिठ्ठ्या, पाठ्यपुस्तक, आह्लाद, हृदय, राष्ट्रीय, कुऱ्हाड, वऱ्हाड, दुसऱ्या. हे शेवटचे तीन तर आपलेच. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतला चंद्रकोरीसारखा ‘र’ हिंदीला लागत नाही, म्हणून ज्याने फॉन्ट फक्त हिंदी मजकुरावर तपासला त्याच्या नजरेतून तो सहज सुटतो. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडमध्ये तो २००८ साली आला, त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये तो असणारच कसा? मराठी मन लावून वाचणाऱ्या माणसाची गरज या धंद्यात आहे हे मला तेव्हा कळलं. चांगलं चित्र काढणारे भरपूर आहेत. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन्ही शब्द तपासायला हवेत हे सुचणारे कमी आहेत.

त्याच ओळखीतून पदवीनंतर मुंबईतल्या एका छोट्या स्टुडिओत काम मिळालं. पगार बेताचा होता आणि काम फॉन्ट रेखाटायचं नव्हतं. तयार फॉन्ट तपासायचे, अंतरं लावायची, जोडाक्षरं पूर्ण करायची. मला विचाराल तर शिकण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

तिथलं एक काम नीट सांगते, म्हणजे अंदाज येईल. पहिली वेलांटी. ‘कि’ लिहिताना वेलांटीची कमान अक्षराच्या दंडाशी येऊन थांबायला हवी. ‘रि’ अरुंद, तिथं कमान आखूड. ‘णि’ रुंद. ‘स्त्रि’, ‘क्ष्मि’ आणखी रुंद. म्हणजे एकाच वेलांटीची वेगवेगळ्या रुंदीची रूपं काढायची आणि कोणत्या अक्षराला, कोणत्या जोडाक्षराला कोणतं रूप हे फॉन्टला शिकवायचं. मग त्यावर रफार आला, ‘र्कि’. त्यावर अनुस्वार आला. दुसऱ्या वेलांटीला ‘र्मीं’सारखं. ही तिन्ही चिन्हं एकमेकांच्या अंगावर पडता कामा नयेत, म्हणून त्यांची एकत्र रूपं काढायची. ती झाली की ठळक वजनात पुन्हा सगळं, कारण ठळक रेघेत जागाच उरत नाही. रोमन लिपीचा साधा फॉन्ट अडीचशे-तीनशे आकारांत भागतो, देवनागरी मजकुराचा फॉन्ट सहाशे-सातशेच्या पुढे सहज जातो, तो यामुळेच.

शिरोरेषेचं वेगळंच. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा त्याच्या हद्दीबाहेर जराशी काढावी लागते, म्हणजे शेजारच्या अक्षराच्या रेषेवर ती चढते. नेमकी हद्दीवर थांबवली तर पडद्यावर लहान आकारात मध्ये पांढरी चीर दिसते. आणि ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांच्या डोक्यावर जी मोकळी जागा असते ती मात्र जपायची. ती जरा अरुंद केली की मोबाइलवर ‘धार’ची ‘घार’ होते आणि ‘भात’चा ‘मात’. माझ्या पहिल्या वर्षातला मोठा भाग या फटीची रुंदी ठरवण्यात गेला असेल. वेगवेगळ्या आकारांत छापायचं, भिंतीला लावायचं, लांबून वाचायचं, स्टुडिओत चहा घेऊन येणाऱ्या मामांनाही वाचायला लावायचं. मामांना एकाही ठिकाणी अडायला झालं नाही त्या दिवशी ती रुंदी पक्की झाली.

आणि ‘ल’ व ‘श’. मराठीत आपण पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहितो. शासनाने २०२२च्या निर्णयात तेच पुन्हा नीट सांगितलं आहे. हिंदीची वळणं वेगळी. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलेलं असेल तर मराठी वळण आपोआप येतं. ते सांगायचं राहिलं की हिंदी वळण दिसतं, आणि बहुतेक मराठी संकेतस्थळांवर ते सांगायचं राहिलेलंच असतं. तिरो देवनागरी या फॉन्टने तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन वेगळ्या आवृत्त्याच दिल्या, त्यामुळे मराठी वाचकाला आपला ‘ल’ मागावा लागत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पहिलीतलं मूल पुस्तकात एक ‘ल’ गिरवतं आणि आईच्या मोबाइलवर दुसराच बघतं, हे आपण चालवून घेऊ नये.

पैशाचं बोलायला हवं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. नुसत्या मजकुराच्या फॉन्टवर सुरुवातीची वर्षं निघत नाहीत. मी संध्याकाळी दिवाळी अंकांची शीर्षकं केली, एका मराठी मालिकेचं नाव केलं, मसाल्याच्या पाकिटांची अक्षरं केली, लग्नपत्रिका तर केल्याच. या कामाने हात जिवंत राहिला आणि भाडंही निघालं. खुल्या परवान्याच्या फॉन्टचे पैसे तो बनवून घेणारा देतो, पुढे लोक तो फुकट वापरतात. विक्रीच्या फॉन्टवर हळूहळू थोडं थोडं येत राहतं. कंपन्यांसाठी त्यांचा स्वतःचा फॉन्ट बनवणं हे सगळ्यात बरं पैसे देणारं काम, पण त्यासाठी आधी नाव असावं लागतं. माझ्या नावाचा पहिला फॉन्ट आला तो नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर. बाबांनी तो फोनवर बघितला, त्यात स्वतःचं नाव टाइप केलं आणि त्याची चित्रप्रत गावातल्या सगळ्यांना पाठवली.

शिक्षणाचं म्हणाल तर आयआयटी मुंबईचा आयडीसी हा डिझाइन विभाग आणि अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था इथं टायपोग्राफी, म्हणजे छापील अक्षरांची कला, गंभीरपणे शिकवतात. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात फॉन्टच्या रेखाटनाचा एम. ए. आहे, आणि तिथं भारतीय विद्यार्थ्यांसाठी फेलिक्स शिष्यवृत्तीही असते. नेदरलँड्समध्ये हेगला असाच एक अभ्यासक्रम आहे. मी यातलं काही केलं नाही, पण जमत असेल त्याने जरूर करावं. टायपोग्राफी डेसारख्या परिषदेला विद्यार्थी असतानाच जाऊन यावं. जी माणसं नुसती नावं म्हणून माहीत असतात ती तिथं जेवणाच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असतात आणि काढलेलं काम खरंच बघतात. आणि बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा १९७१ सालचा ग्रंथ एखाद्या ग्रंथालयात सापडला तर तो तिथं बसून वाचावा.

आमच्या स्टुडिओत शिकायला येऊ इच्छिणाऱ्यांकडून मी सुटी अक्षरं मागत नाही. एक ए-फोर पान मागते. त्यावर स्वतः काढलेल्या अक्षरांत मराठी मजकुराचा एक परिच्छेद जुळवलेला हवा, दहा-बारा पॉइंटात, साध्या प्रिंटरवर छापलेला. वर्णमाला पूर्ण नसली तरी चालेल, पंधरा-वीस अक्षरांत बसतील असे शब्द निवडून परिच्छेद लिहिता येतो आणि ते निवडताना भाषाही वापरावी लागते. सोबत दुसऱ्या कुणाच्या तरी फॉन्टमधले खटकलेले शब्द आणि ते कसे असायला हवेत याची पेन्सिलची रेखाटनं. हे पाठवायला मॅक लागत नाही, पदवी लागत नाही. मागच्या वर्षी असं एक पान लातूरहून आलं होतं, पाठवणारी मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या पानावरचा ‘ळ’ बघून मी तिला त्याच दिवशी फोन केला. आता आमच्या नव्या फॉन्टची जोडाक्षरं तीच तपासते.